लटारूचं कार्ड आणि पाच तासांचं लग्न

मुखरू आणि देवकाबाईचं ते भांडण मी दोन घरांमधल्या काटेरी कुपाटीच्या अलीकडून ऐकलं, त्याला आता तीसेक वर्षं झाली असतील. मी घरामागच्या सांदवाडीत भांडी घासत होते. चोरून ऐकलं असं म्हणू नका. मुखरूचा आवाज असा होता की न ऐकायचं तर कानात बोळे घालावे लागले असते.

"ढिवराचा पोट्टा अन् पाण्याले भेते!" मुखरू ओरडत होता. "तलावाच्या पाळीवर उभा राहून रडते. लोकं हासतात मले. उद्या जाळं कोण टाकंल? तुहा बाप?"

"माहा बाप मेला," देवकाबाई म्हणाली. "पाण्यातच मेला. अन् थो भेत नोव्हता."

यावर कोणीही गप्प बसला असता. पण मुखरू हरलेलं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा माणूस.

"मंग काय कराव याचं? पाण्याले भेते, जंगलाले भेते, कोंबडा आंगावर आला तरी भेते!"

"भेलं म्हणून कोणी मरत नाई. जगू द्या त्याले भेत भेत."

तो भेणारा पोरगा म्हणजे आमचा लटारू. मुखरू आणि देवकाबाई दोघंही गेले. कुपाटी तीच आहे, आणि तिच्या पलीकडे आता लटारू आणि त्याची बायको रोशनी राहतात. मला तो काकी म्हणतो.

लटारू गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही. शाळा संपली तसा सिंदेवाहीला देवानंदच्या फोटो स्टुडिओत कामाला लागला. त्या कामाला दार होतं, दाराला कडी होती, आत लाईट होता. त्याला एवढंच पाहिजे होतं. कॅमेरा डोळ्याला लावला की त्याचं भेव जरा कमी होई. एकदा लग्नात मधमाश्या उठल्या, वऱ्हाडी, भंते, बँडवाले सगळे पळाले, आणि लटारू एकटा उभा राहून त्यांचं पळणं कॅमेऱ्यात घेत होता. नंतर कॅमेरा खाली ठेवला आणि मग घाबरला.

रोशनी एटापल्लीकडची. जंगलातच वाढलेली, साप दिसला तर त्याला वाट देऊन आपल्या वाटेनं जाणारी. ती उगीच भेत नाही. म्हणूनच यावर्षी ती भ्याली तेव्हा आख्खी आळी भ्याली.

आता लग्नाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लग्न लागतं घडीभरात, पण आंदण तासन् तास चालतं. नवरीला कोणी काय दिलं ते भोंग्यावर नाव घेऊन सांगतात. अमक्याकडून स्टीलचा गंज, भात शिजवायचा, तमक्याकडून पितळेचा गुंड, पाणी भरायचा. देणारा भांडं हातात धरून उभा राहतो आणि व्हिडिओत ते भांडं आणि तो माणूस दोन्ही दिसले पाहिजेत. पुढं वर्षानुवर्षं लोक तो व्हिडिओ लावून बसतात. आपल्या पोरीच्या लग्नात अमकीनं काय दिलं होतं, मग तिच्या पोरीला आपण काय द्यायचं, हे त्यात पाहून ठरतं. म्हणून आमच्याकडचा व्हिडिओ पाच तासांचा असतो, आणि त्यातली एक मावशी जरी कमी झाली तरी घराघरात आग लागते.

शहरातल्या लोकांना हे सांगितलं तर हसतात. हसोत. त्यांच्या मावश्या त्यांना लखलाभ.

पुढं लटारूनं स्वतःचं काम सुरू केलं आणि घरी कॉम्प्युटर घेतला, जुनाच. त्यावर तो चित्रं जोडायचा. पण पाच तासांचं लग्न एकदम करून पेन ड्राईव्हमध्ये उतरवायचं म्हटलं की तो डब्बा गरम होई आणि मध्येच पडदा काळा पडे. देवानंदच्या मशीनमध्ये ग्राफिक कार्ड होतं. म्हणजे काय, ते लटारूनं मला दाखवलं. पंखा लावलेल्या विटेसारखी वस्तू. चित्रांचं ओझं ती वीट उचलते, मग मशीन दमत नाही. म्हणून लटारू आपलं काम हार्ड डिस्कच्या डब्बीत भरून सिंदेवाहीला न्यायचा. दिवसा देवानंदचं स्वतःचं काम असे. मशीन मोकळं होई दुपार कलल्यावर, आणि कोणी समोर बसल्याशिवाय देवानंद ते चालू ठेवू देत नसे. काम होऊन लटारू निघे तेव्हा दिवस बुडायला टेकलेला. मध्ये सगळं जंगल.

आधीही तो भेतच जायचा. पण तेव्हा आम्ही हसायचो.

यावर्षी फागुनात मोहफुलं वेचायला गेलेली झिंगूबाई परत आली नाही. पहाटे झाडाखाली वाकून वेचत होती. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं फॉरेस्टवाले म्हणाले. तिची टोपली सापडली, अर्धी भरलेली. टोपलीशेजारी जे सापडलं त्याबद्दल बायकांनी मला सांगितलं आणि मी तुम्हाला सांगणार नाही.

त्यानंतर गाव बदललं. बाहेर बसायला जायचं तर चार बायका मिळून, थाळ्या वाजवत. बकऱ्या चरायला न्यायला कोणी धजेना. माझ्या नातवंडांना मी अंगणाबाहेर जाऊ देईना, तर ती मलाच विचारत, आजी, तू काऊन दाराकडे पाहून राह्यली? सांज झाली की वाघाचं नाव कोणी घेत नव्हतं. नुसतं 'थो' म्हणायचं. थो तलावाकडे आला होता. थो काल शाळेच्या मागं होता. खरं किती, खोटं किती, देव जाणे. भेवाला हिशोब नसतो.

आणि वैशाखात लग्नं थांबत नाहीत.

फॉरेस्टवाल्यांनी मुखवटे वाटले होते. माणसाचं तोंड काढलेले, डोक्याच्या मागं बांधायचे. थो पाठीवरून येतो, मागंही तोंड दिसलं तर बिचकतो. लटारूनं तो हेल्मेटला मागून बांधला. रोशनीनं त्याला कोळशानं मिशा काढल्या.

"पुढून भेदरट, मागून हवालदार," मी म्हटलं.

लटारू हसला नाही. "काकी," म्हणाला, "जंगलातल्या पुलियाजवळ आलो का मी मोठ्यानं गाणं म्हणतो. काल गाणंच आठोलं नाई. मंगलाष्टकं म्हणत आलो."

हसावं की रडावं कळेना. रोशनी आत निघून गेली.

तेव्हापासून घरात कार्डाची गोष्ट सुरू झाली. कार्ड घरी आलं तर काम घरीच होईल, त्या रस्त्यानं सांजेला यायला नको. एवढीच गोष्ट. पण लटारूला विकत घ्यायच्या वस्तूचंही भेव. माझ्या छपरीत येऊन बसे, मोबाईल पुढं धरी. मोबाईलमध्ये पोरं कार्डाबद्दल बोलत होती आणि मागं पडद्यावर माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती.

"हे काय व्हय गा?"

"गेम हाय, काकी. थो सांगून राह्यला, या कार्डावर दुश्मन साफ दिसते."

"तुले दुश्मन पाहाचा हाय का?"

"मले आंदण पाहाचं हाय. पण आंदणाबद्दल कोणीच सांगत नाई."

त्याचं खरं होतं. सगळं जग गेमसाठी कार्ड घेत होतं. स्वस्तातलं कार्ड गेमला बेकार, असं दहाजण सांगत. पाच तासांच्या लग्नाला ते पुरेल का, हे एकाही पोराला माहीत नव्हतं. लटारूचा एक जीव म्हणे घ्यावं, दुसरा म्हणे जळालं तर? आमच्याकडे धानाची गिरणी सुरू झाली की घरातला बल्ब पिवळा पडतो. त्या लाईनवर मोठं कार्ड लावलं तर जुनं मशीनच जाईल, मग हातचंही काम गेलं.

देवानंदला विचारलं. तो म्हणाला, "स्वस्तातलं म्हणजे पैसा पाण्यात. घेशीन तं मोठं घे, नाई तं घेऊच नोको. माह्याकडे मशीन हाये ना, येत जाय."

रोशनीनं हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "त्याचं दुकान नालीच्या काठी हाय. जंगलाच्या काठी नाई."

नागपूरचा एकजण मोबाईलवर जुनं, मोठं कार्ड विकत होता, नव्या लहानाच्या भावात. फोटोत छान दिसत होतं. लटारूचं मन तिकडं धावलं. मी म्हटलं, विचार त्याला, आजवर कशाला जुंपलं होतं? त्यानं विचारलं. पलीकडून 'माल एकदम मस्त' एवढंच आलं. बाजारात ज्या बैलाचा धनी बैल कशाला जुंपला ते सांगत नाही, त्या बैलाचे दात पाहायचीही गरज नसते. मी लटारूला तसं सांगितलं. मग तो आणखीच घाबरला. माझ्या शहाणपणाचा असाच उपयोग होतो.

असं घेऊ की नको करत असताना त्यानं ती चूक केली.

आमच्या आळीतल्या बिरजूच्या पोरीचं लग्न होतं. लटारूनं चित्रं घेतली, डब्बी घेऊन सिंदेवाहीला गेला. ऊन उतरू लागलं तसा तो सारखा दाराबाहेर पाहू लागला. लग्न छोटं केलं तर काम लवकर होईल, उजेडात घरी जाता येईल. त्यानं आंदणाचा मधला भाग कापला. भांडी तीच, माणसं तशीच, कोणाला कळणार आहे?

ढिवराच्या घरी जन्मून त्याला हे कळू नये! जाळ्याचं एक घर तुटलं तर मासा नेमका तिथूनच जातो.

बिरजूची बहीण रंजीता हिनं पितळेचा गुंड दिला होता. ती नेमकी कापलेल्या भागात. बिरजूच्या घरी व्हिडिओ लावला, रंजीता दिसेना. बिरजूची बायको म्हणाली, "दिलंच नसन काई." हे रंजीताच्या कानावर गेलं. ती ऊन डोक्यावर घेत थेट लटारूच्या दारात.

"बाहीर ये रे, व्हिडिओवाल्या! माहा गुंड खाल्ला का तुह्या कॉम्प्युटरनं?"

"बाई, ऐका ना..."

"काय ऐकू? भावाच्या पोरीच्या लग्नात मी हात हालवत गेली होती का? माह्या नवऱ्यानं दोन हप्ते गडचांदूरले सिमेटाची पोती उचलली त्या गुंडासाठी. अन् तू कैची लावली?"

लटारू खाली पाहत उभा होता. "माहीच चूक हाय, बाई. रात पडन म्हणून... मी भेलो."

रंजीताचा राग एकदम अर्धा झाला. झिंगूबाई तिच्या नात्यातली होती. पण गुंड तो गुंड. ती म्हणाली, "भेव सगळ्याईले हाय, भाऊ. पण माहा गुंड दिसला पाह्यजे." आणि निघून गेली.

त्याच दुपारी लटारू डब्बी घेऊन गेला. रोशनी म्हणाली, उद्या जा. तो ऐकेना. अपमान झालेला भित्रा माणूस जरा धाडसी होतो, आणि ते चांगलं नसतं. या वेळी त्यानं काही कापलं नाही.

दिवस बुडू लागला तशी रोशनी रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मी काठी टेकत तिच्या मागं. तिथून पुढं जायची मनाई होती. आमच्याकडे सांजेला आवाज लांबून येतो. लटारूच्या गाडीचा आवाज आम्हा दोघींना पाठ होता. तो आला. पहिल्यांदा बारीक, मग मोठा. रोशनीच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

मग पुलियाच्या आसपास आवाज थांबला.

गाडी लांब गेली तर आवाज हळूहळू बारीक होतो. हा एकदम तुटला. आणि त्याच वेळी झाडावरची वानरं ओरडू लागली. वानरं उगीच ओरडत नाहीत, हे रोशनीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिनं माझा हात धरला. तिची बोटं थंडगार होती, वैशाखात.

"काकी," ती म्हणाली, "गाणं आयकू येते का?"

नव्हतं येत.

ती धावली. मी ओरडले, पदर धरायला गेले, पदर सुटला. माझ्या ओरडण्यानं आळी जमली. कोणी डबे, कोणी थाळ्या, ट्रॅक्टर सुरू झाला, पोरं वर चढली आणि रोशनीला रस्त्यातून उचलून पुढं गेली. मी तिथंच खाली बसले. थाळ्यांचा आवाज दूर जात राहिला आणि मी मनात सारखं म्हणत होते, त्याला मी हवालदार म्हणून चिडवलं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

नंतर सगळ्यांनी जे सांगितलं ते असं. वळणावर थो डांबरावर बसला होता, दिवसभराच्या तापलेल्या रस्त्यावर, मांजर चुलीजवळ बसतं तसा. लटारूनं ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. हॉर्न वाजवायचं त्याला सुचलं नाही. पळायचंही सुचलं नाही, ते बरं झालं. तो गाडी धरून उभा राहिला आणि थो त्याच्याकडे पाहत बसला. किती वेळ, ते लटारूला सांगता येत नाही. मग थो उठला, आळस दिला आणि रस्ता ओलांडून गेला. ट्रॅक्टर पोचला तेव्हाही लटारू गाडी धरून तसाच उभा होता. हाताची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्याला माझ्यासमोर आणून बसवलं. पाणी पाजलं. सदऱ्याच्या आत हात घालून त्यानं डब्बी काढली.

"काकी, पाचही तास हायेत. कापलं नाई."

रोशनी त्याला मारायलाच धावली. मारल्याही दोन-चार चापट्या, आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं बकऱ्या विकल्या. तशाही दावणीला बांधून उपाशी ओरडत होत्या, चारायला कोण नेणार? आणि नवऱ्याला म्हणाली, "चाला चंद्रपूरले. आता मोबाईलमधल्या पोरायले विचाराचं नाई."

त्या दुकानाची गोष्ट रोशनीनं मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथं होते असंच मला वाटतं. दुकानदारानं विचारलं, "कोणता गेम खेळता, भाऊ?" लटारू म्हणाला, लग्न. दुकानदाराला वाटलं थट्टा करतो. मग लटारूनं डब्बी पुढं केली. नवं, लहान, सगळ्यात कमी किमतीचं कार्ड होतं, ज्याला वेगळी वायर लागत नाही, मशीनच्या पोटातूनच करंट घेतं. ते माझ्या घरच्यासारख्याच एका जुन्या मशीनला लावा, लटारू म्हणाला, आणि हे लग्न पुरं उतरवून दाखवा. मग घेतो. नाही तर नाही.

दुकानदार भला माणूस. बोहणीची वेळ नसती तर कदाचित हाकललं असतं. त्यानं लावलं. रोशनी म्हणाली, "मशीनकडे हे पाहून राह्यले होते. मी दाराकडे पाहून राह्यली होती." ती उन्हाकडे पाहत होती. बिरजूच्या पोरीचं लग्न पेन ड्राईव्हमध्ये उतरत राहिलं. गिऱ्हाईकं आली, गेली. दुकानदारानं चहा मागवला. पडदा काळा पडला नाही. पंखा घरघरत होता, लटारू दर थोड्या वेळानं हात लावून पाही, तापलं का, तापलं का.

झालं तेव्हा दुकानदारानं उतरलेलं लग्न लावून पाहिलं, इथं थोडं, तिथं थोडं. कुठंही लावलं तरी कोणीतरी भांडं धरून उभंच. "भाऊ, हे लोकं भांडे देणं बंद कधी करतात?"

"नवरी रडेपर्यंत," लटारू म्हणाला.

तो रोशनीकडे वळला. अजून त्याचं ठरेना. घरच्या लाईनवर चालेल का, वॉरंटीचं काय, मोठं घेतलं असतं तर? रोशनीनं दारातून बाहेर बोट दाखवलं.

"ऊन हाय अजून," ती म्हणाली. "घ्या."

घरी आल्यावर कार्ड बसवलं तर पडदा काळाच. लटारूचा चेहरा असा झाला की मला पुन्हा पुलिया आठवला. जळालं, जळालं म्हणत तो खाली बसला. मग दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पडद्याची वायर जुन्याच भोकात असेल, नव्या कार्डात लावा. लावली. उजेड आला. गिरणी चालू असताना जरा वेळ जास्त लागतो, बल्ब पिवळा होतो, लटारू देवाचं नाव घेतो, पण काम होतं. दुपारी लावलं की दिवस असताना संपतं. आता तो सांजेला घरी असतो. कार्डाचा पंखा जोरात फिरला की दचकतो, पण घरात दचकतो.

थो अजून धरला गेला नाही. पिंजरा लावलाय, रिकामाच आहे.

मृगाच्या आधीची शेवटची खेप बिरजूच्याच पोरीची होती. तिच्या सासरी पेन ड्राईव्ह द्यायचा होता, त्याच रस्त्यानं, सिंदेवाहीच्या पलीकडं. लटारू ऊन टळटळीत असताना निघाला. रोशनीनं मुखवट्याच्या गाठी ओढून पाहिल्या. सासरची मंडळी म्हणाली, बसा, गुंड येईपर्यंत पाहू, जेवून जा. लटारू म्हणाला, "गुंड हाय, मी पाह्यला. तुमी पाहा. मी भेतो, मले उजेडात जाऊ द्या." आणि पाणी पिऊन उठला.

पुलियाजवळ त्यानं या वेळी हॉर्न दाबून धरला. आम्हाला तो रस्त्याच्या तोंडाशी ऐकू आला. मग गाडी आली. उन्हात. त्यानं हेल्मेट काढलं, तोंड पुसलं आणि रोशनीला विचारलं, "भाजी काय केली वं?"